अप्रेझर व्हायचंय? आधी फोन फिरवा, मग कार्ड काढा

दरवर्षी गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत, एखादी तरी मुलगी मला गाठते. नवरा अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर, हिचं एच-४ ईएडी, म्हणजे जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना, नुकतंच हातात आलेलं, पुण्यात नाहीतर नाशकात सिव्हिल इंजिनिअरिंग झालेलं. "ताई, तुम्ही घरांचं व्हॅल्युएशन करता ना? कोर्सला किती पैसे लागतात हो?" तेवढ्यात रांग सरकते, पानात मसालेभात पडतो आणि उत्तर अर्धंच राहतं. मी न्यू जर्सीत सर्टिफाइड रेसिडेन्शियल अप्रेझर आहे, म्हणजे राहत्या घरांची किंमत ठरवते. आज जरा सविस्तर सांगते.

कोर्सची फी हा प्रश्नच दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, तुमच्या अहवालांवर सुपरवायझर म्हणून सही कोण करणार?

भारतातलं थोडं आधी. तिकडच्या दिवाळखोरी मंडळाकडे (आयबीबीआय) रजिस्टर्ड व्हॅल्युअर असाल, त्यासाठीचा ५० तासांचा अभ्यासक्रम केला असेल, तरी इथे ते लायसन्स चालत नाही. डिग्री मात्र चालते. परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या संस्थांचा नेसेस नावाचा संघ आहे, त्याच्या सदस्य संस्थेकडून तिचं मूल्यमापन करून घ्या आणि ते सगळ्यात आधी करा. बॅचलर्स मान्य झाली की सर्टिफाइड पातळीची कॉलेज शिक्षणाची अट सुटते. आणि रेडी रेकनर डोक्यातून काढून टाका. इथे टॅक्स असेसमेंटचा आकडा असतो खरा, पण त्याचा बाजारभावाशी मेळ असेलच असं नाही. आमच्याकडे तर कित्येक गावांत तो वर्षानुवर्षं जुनाच असतो.

हा धंदा लायसन्सखाली आला तो १९८९ च्या फिरिया कायद्याने, बचत-कर्ज संस्था बुडाल्यानंतर. किमान पात्रता अप्रेझल क्वालिफिकेशन्स बोर्ड ठरवतं आणि लायसन्स राज्य देतं. राज्याला अटी वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. ट्रेनीसाठी ८३ तासांचं शिक्षण, लायसन्स्ड रेसिडेन्शियलसाठी १५८, सर्टिफाइड रेसिडेन्शियलसाठी २००. अनुभव लायसन्स्डला १,००० तास आणि किमान सहा महिने, सर्टिफाइडला १,५०० तास आणि किमान बारा महिने. डिग्री असेल तर मधल्या पायरीवर थांबू नका. लायसन्स्डला किमतीची मर्यादा आहे. साधं घर दहा लाख डॉलरपर्यंत, गुंतागुंतीचं चार लाखांपर्यंत. मध्य जर्सीतल्या किमती बघितल्या तर बरीच कामं अशीच हातची जातील.

आता खरा खर्च. ट्रेनीच्या ऑनलाइन कोर्सला साधारण हजार डॉलरच्या आसपास धरा. वर परीक्षेची फी, अर्जाची फी, बोटांचे ठसे. हे परवडतं. परवडत नाही ती सुपरवायझर शोधण्यात जाणारी महिनोन्महिन्यांची वाट. सुपरवायझर किमान तीन वर्षं सर्टिफाइड असावा लागतो आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त ट्रेनी घेता येत नाहीत. तीनच काय, बहुतेक जण एकही घेत नाहीत. अहवालावर जबाबदारी त्याची, तुम्हाला घर दाखवायला बरोबर जायचं त्याने, आणि वर बऱ्याच एएमसी, म्हणजे बँकांच्या वतीने कामं वाटणाऱ्या कंपन्या, ट्रेनीने एकट्याने केलेली पाहणी घेत नाहीत. म्हणजे तुमच्यामुळे त्याची कमाई आधी घटतेच. शिकवून तयार केलं की दोन वर्षांनी तुम्ही त्याच्याच गावात दुकान मांडणार, हेही त्याला कळतं.

मी उलटं केलं होतं. सवलत होती म्हणून २०० तासांचं पूर्ण पॅकेज आधी घेतलं. मग चौदा महिने फोन. ट्रेनीसाठीचं शिक्षण अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतलं असावं लागतं. त्या पाच वर्षांची घटिका माझ्यासमोर नुसती भरत होती. म्हणून सांगते, हो म्हणणारा सुपरवायझर मिळेपर्यंत पुढचा एकही कोर्स विकत घेऊ नका.

सुपरवायझर नाहीच मिळाला तर २०२१ पासून पारिया नावाचा मार्ग आहे. संगणकावर घडवून आणलेल्या कामांतून अनुभवाचे तास पूर्ण होतात. काही हजार डॉलर जातात. पण वर्षभर बिनपगारी किंवा अर्ध्या फीवर फिरण्याशी तुलना केली तर मला तो महाग वाटत नाही. तुमचं राज्य तो किती मानतं ते राज्याच्या बोर्डाकडून आधी विचारून घ्या. आणि एच-१बीवर असाल तर हे सगळं शिकता येईल, पण बाहेरची फी घेऊन काम करता येणार नाही. एच-४वाल्यांनी ईएडीची शेवटची तारीख आणि १,५०० तास एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघावेत.

लायसन्स मिळालं की दर दोन वर्षांचं रहाटगाडगं सुरू. २८ तासांचं शिक्षण. त्यात ७ तासांचा यूएसपॅप (या धंद्याचे राष्ट्रीय मापदंड) अपडेट सगळ्यांना सक्तीचा, दर दोन कॅलेंडर वर्षांनी. १ जानेवारी २०२६ पासून मूल्यांकनातला पक्षपात आणि फेअर हाउसिंग हा विषयही आला आहे. पहिल्यांदा ७ तास, नंतर दर खेपेला ४. हे २८ मध्येच मोजले जातात, वेगळे नाहीत. उरलेले तास बहुतेक तुमच्या पसंतीचे. सगळं ऑनलाइन केलं तर तीन ते पाचशे डॉलरांत भागतं. अप्रेझरांच्या राष्ट्रीय नोंदवहीचे वर्षाला ४० डॉलर राज्यामार्फत जातात, नूतनीकरणाची फी वेगळी. याशिवाय ई अँड ओ म्हणजे कामातल्या चुकांसाठीचा विमा, एमएलएस या घरविक्रीच्या नोंदींच्या यादीची वर्गणी, अहवालाच्या फॉर्मचं सॉफ्टवेअर. हे तिन्ही मिळून शिक्षणाच्या खर्चाच्या कितीतरी पुढे जातं, आणि त्याबद्दल मात्र रांगेत कोणी विचारत नाही.

दोन ठिकाणी पैसे वाया जातात. एकदा मी शेजारच्या राज्यात मान्य असलेला सात तासांचा कोर्स केला. आमच्या बोर्डाच्या यादीत तो नव्हता. तास शून्य, पैसे गेले, आणि कोर्स विकणाऱ्यांनी परतही केले नाहीत. मंजुरी आपल्या राज्याची बघायची, कोर्सच्या जाहिरातीतली नाही. दुसरं म्हणजे, दोन वर्षांच्या एकाच फेरीत तोच कोर्स पुन्हा केला तर तास मिळत नाहीत. उलट एक सवलत लोकांना ठाऊकच नसते. पहिलं लायसन्स फेरीच्या मध्येच मिळालं आणि नूतनीकरणाला १८५ पेक्षा कमी दिवस उरले असले, तर राष्ट्रीय निकषांनुसार त्या तुकड्यासाठी तास लागत नाहीत. १८५ ते ३६५ दिवस असतील तर १४. माझ्या ओळखीत एकाने घाबरून पूर्ण २८ केले होते.

टॅक्सचंही बघा. या धंद्यात शिरण्यासाठी केलेलं शिक्षण वजा होत नाही, कारण ते नव्या व्यवसायाची पात्रता देतं. लायसन्स टिकवण्यासाठी केलेलं, स्वतःचा व्यवसाय असेल तर, शेड्यूल सी या व्यवसायाच्या टॅक्स फॉर्मवर वजा होतं. पावत्यांची फाइल पहिल्या दिवसापासून वेगळी करा.

शेवटी, सुपरवायझरला फोन करताना काय म्हणायचं. "मला शिकायचंय" हे तो आठवड्यात दोनदा ऐकतो. पण बँकांची गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅकसाठी २ नोव्हेंबर २०२६ पासून अहवालाचा नवा यूएडी ३.६ साचा सक्तीचा होतोय. वीस वर्षं एकाच फॉर्मवर हात बसलेल्या माणसाला तो जड जातोय. मलाही गेला. तुमच्या हाताला जुन्याची सवयच नाही. तो साचा आधी शिकून घ्या आणि फोनवर पहिल्या वाक्यात तेच सांगा.