अनोळखी ब्राउझरमध्ये अँटिव्हायरसचं वेब स्कॅनिंग चालू कसं करायचं

उदगीर, गेवराई, हिंगोली, कुठल्याही तालुक्याच्या गावी सेतू केंद्रात किंवा नेट कॅफेत गेलात तर विंडोज 7 चे जुने कॉम्प्युटर अजून रोज राबताना दिसतात. त्या विंडोजवर क्रोम 109 व्या आवृत्तीला थांबलं. नव्या साइट नीट उघडेनात, म्हणून तिथे पेल मून किंवा सुपरमियम हा ब्राउझर टाकलेला असतो. नव्या मशीनवर कुणी लिब्रेवुल्फ, वॉटरफॉक्स वापरतं. अँटिव्हायरस टाकलेला असतो, कोपऱ्यात हिरवी खूण असते, आणि तरी या ब्राउझरमधून येणारं काहीच तपासलं जात नाही, असं पुष्कळदा घडतं.

पेल मूनमध्ये धोक्याच्या साइटची यादी तपासणारी गुगलची सेफ ब्राउझिंग सोय नाही, आणि लिब्रेवुल्फमध्ये ती सुरुवातीपासून बंद असते. त्यामुळे अशा ब्राउझरवर अँटिव्हायरसची वेब तपासणी चालू असणं जास्तच गरजेचं.

बिघाड दोन जातीचा असतो

एचटीटीपीएस साइटचा मजकूर कुलूपबंद असतो. तो तपासायचा तर अँटिव्हायरसला ब्राउझर आणि साइट यांच्या मधे उभं राहावं लागतं: साइटकडून आलेलं उघडायचं, तपासायचं आणि स्वतःच्या सर्टिफिकेटने (म्हणजे ओळखपत्राने) पुन्हा बंद करून ब्राउझरला द्यायचं. त्यासाठी तो आपलं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं मानली जातात ते, विंडोजच्या साठ्यात टाकतो. क्रोमच्या घराण्यातले ब्राउझर (उदा. सुपरमियम) हा साठा वाचतात. फायरफॉक्सच्या घराण्यातल्यांचा (पेल मून, वॉटरफॉक्स, लिब्रेवुल्फ) साठा मात्र वेगळा, प्रोफाइलच्या म्हणजे ब्राउझरच्या सेटिंग साठवणाऱ्या फोल्डरमध्ये असतो.

पहिली जात म्हणजे अँटिव्हायरस मधे उभा आहे, पण ब्राउझर त्याला ओळखत नाही. मग प्रत्येक साइटवर ‘अननोन इश्युअर’ची (सर्टिफिकेट देणारा अनोळखी) चूक येते. ही निदान दिसते तरी. दुसऱ्या जातीत अँटिव्हायरस या ब्राउझरच्या वाटेला जातच नाही. सगळं सुरळीत उघडतं, कुणाला शंका येत नाही. आमच्या मते ही जास्त वाईट.

कोणती जात आहे ते कुलपाच्या चित्रावर क्लिक करून कळतं. फायरफॉक्सच्या घराण्यात ‘मोअर इन्फर्मेशन’मध्ये, क्रोमच्या घराण्यात सर्टिफिकेटच्या तपशिलात, ते कुणी दिलं ते पाहा. तिथे तुमच्या अँटिव्हायरसचं नाव असेल (ईसेट असेल तर ‘ईसेट एसएसएल फिल्टर सीए’) तर तपासणी चालू आहे. दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल तर नाही. ही परीक्षा बँकेच्या साइटवर करू नका. बरेच अँटिव्हायरस बँकांना मुद्दाम वगळतात, आणि ते योग्यच आहे. एखाद्या बातमीच्या साइटवर करा.

आधी घड्याळ पाहा

जुन्या मशीनवर सर्टिफिकेटची चूक आली की पहिल्यांदा तारीख बघायची. मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपला की लाइट जाऊन आल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि मग आजचं प्रत्येक सर्टिफिकेट ब्राउझरला चुकीचं वाटतं. सेल बदला, तारीख लावा, मगच पुढचं.

ब्राउझर अँटिव्हायरसला दाखवणं

कुलपात अँटिव्हायरसचं नाव नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये वेब प्रोटेक्शन किंवा एसएसएल फिल्टरिंगचा भाग उघडा. एचटीटीपीएस स्कॅनिंग चालू करा. तिथेच प्रोग्रामची यादी असेल तर ब्राउझरची ईएक्सई फाइल तीत जोडून ‘स्कॅन’ निवडा. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट जोडून उपयोग नाही, मूळ फाइलच लागते. पोर्टेबल आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवत असाल तर ड्राइव्हचं अक्षर बदललं की मार्ग बदलतो आणि नोंद वाया जाते. अशी यादी नसलेल्या अँटिव्हायरसमध्ये जबरदस्ती करता येत नाही. तो ब्राउझर तपासला जात नाही हे धरूनच चालावं.

क्रोमच्या घराण्यातल्या ब्राउझरमध्ये आणखी एक फट राहते. क्विक नावाच्या प्रोटोकॉलने बोलणाऱ्या साइट अँटिव्हायरसच्या हातून निसटू शकतात. पत्त्याच्या पट्टीत chrome://flags टाइप करून फ्लॅग्जचं पान उघडा, तिथे ‘क्विक’ (QUIC) शोधून ‘डिसेबल्ड’ करा. साइट नेहमीच्या वाटेने येऊ लागतात.

सर्टिफिकेट ब्राउझरमध्ये टाकणं

‘अननोन इश्युअर’ची चूक येत असेल तर हा उपाय. वॉटरफॉक्स, लिब्रेवुल्फसारख्या नव्या फायरफॉक्सवर बेतलेल्या ब्राउझरमध्ये सोपी वाट आहे. पत्त्याच्या पट्टीत about:config टाइप करून अबाउट कॉन्फिगचं पान उघडा, शोधपट्टीत enterprise_roots टाइप करा, security.enterprise_roots.enabled ही नोंद ‘ट्रू’ नसेल तर ‘ट्रू’ करा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. आता तो विंडोजचा साठाही वाचेल.

पेल मूनसाठी हाताने टाकणंच खात्रीचं:

1. विंडोज आणि आर ही बटणं दाबून ‘सर्टएमजीआर डॉट एमएससी’ (certmgr.msc) चालवा. ट्रस्टेड रूटच्या यादीत अँटिव्हायरसचं नाव शोधा.
2. राइट क्लिक, ऑल टास्क्स, एक्स्पोर्ट. प्रायव्हेट की विचारली तर ‘नो’. डीईआर किंवा बेस-64, कुठलाही प्रकार चालतो.
3. पेल मूनमध्ये प्रेफरन्सेस, अ‍ॅडव्हान्स्ड, सर्टिफिकेट्स, व्ह्यू सर्टिफिकेट्स, अथॉरिटीज, इम्पोर्ट.
4. वेबसाइट ओळखण्यासाठी विश्वास ठेवायचा, या एकाच चौकटीत टिक करा. बाकीच्या मोकळ्या ठेवा.

एका मशीनचं सर्टिफिकेट पेन ड्राइव्हवर घेऊन कॅफेतल्या दहाही मशीनवर टाकू नका. ते सहसा ज्या त्या मशीनवर वेगळं तयार होतं, नाव तेच दिसलं तरी. हाताने टाकलेलं सर्टिफिकेट त्याच प्रोफाइलपुरतं असतं; दुसरं प्रोफाइल केलं की पुन्हा टाकायचं. अँटिव्हायरस काढून परत टाकला की सर्टिफिकेट नवं होतं आणि ब्राउझरमध्ये त्याच नावाचं जुनं पडून राहतं. मग सही जुळत नसल्याच्या चुका येतात. आधी जुनं डिलीट करा, मग नवं टाका.

खरंच पकडतंय का?

आयकार या संस्थेची 68 अक्षरांची चाचणी फाइल यासाठीच आहे. ती निरुपद्रवी असते, पण अँटिव्हायरस तिला व्हायरस समजून अडवतात. तिच्या एचटीटीपीएस लिंकवरून डाउनलोड करून बघा. सूचनेत वेबचा पत्ता दिसला तर वेब स्कॅनिंगने पकडली. डाउनलोड्स फोल्डरचा मार्ग दिसला तर फाइल डिस्कवर उतरली आणि मग पकडली गेली. म्हणजे वेब तपासणी अजून लागलेली नाही.

थंब डिव्हाइस बंद पडलं तर

पीएम किसानची ई-केवायसी किंवा आधारचं कुठलंही काम करणाऱ्या केंद्रात ही अडचण येऊ शकते. अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच कॉम्प्युटरवर 127.0.0.1 या पत्त्यावर, 11100 ते 11120 यांतल्या पोर्टवर ब्राउझरशी बोलते. अँटिव्हायरस त्यातही मधे शिरला तर यंत्र जोडलेलं असूनही ‘डिव्हाइस नॉट रेडी’ येतं. बाहेर माणसं रांगेत उभी असतात, म्हणून घाईघाईत अख्खा अँटिव्हायरस बंद केला जातो. तसं करू नका. अँटिव्हायरसच्या वगळण्याच्या यादीत 127.0.0.1 आणि लोकलहोस्ट (त्याच पत्त्याचं नाव) एवढ्या दोनच नोंदी टाका, सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि बातमीच्या साइटवर कुलपातलं नाव पुन्हा एकदा तपासून घ्या.