बुद्धिबळात चौथ्या चालीला पांढऱ्याचा घोडा जी५ आला, तर काळ्याने काय खेळायचं? (नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल, × म्हणजे मारणं, आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल.)

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ आणि लगेच ४. घोडा जी५. हौशी खेळात काळ्याचे कितीतरी डाव इथेच आटोपतात. सगळा धोका एफ७ या एका घरावर आहे. तिथल्या प्याद्याला फक्त राजाचा जोर, आणि त्यावर घोडा अन् उंट दोघांचा मारा.

घोड्याला हुसकवायला एच६ अजिबात नको. तो एफ७चं प्यादं मारून वजीर आणि हत्ती एकदमच धरतो.

योग्य चाल ४...डी५. उंटाची वाट अडते. ५. ई×डी५ झालं की घोड्याने परत मारायला हात शिवशिवतो, पण तिथे थांबा. ५...घोडा×डी५ ६. घोडा×एफ७ राजा×एफ७ ७. वजीर एफ३ शह! हा वजीर डी५च्या घोड्यावरही असतो. घोडा राखायचा तर राजा ई६वर, म्हणजे पटाच्या मधोमध न्यावा लागतो, आणि ८. घोडा सी३ने पिन झालेल्या (म्हणजे हलला तर मागचा राजा उंटाच्या माऱ्यात येईल अशा) घोड्यावर दाब आणखी वाढतो. बचाव आहे, पण घड्याळ चालू असताना तो शोधणं फार जड जातं.

म्हणून ५...घोडा ए५. घोडा कडेला जातो खरा, पण उंटावर मारा करत जातो. पुढे ६. उंट बी५ शह सी६ ७. डी×सी६ बी×सी६. उंट पुन्हा माऱ्यात! ८. उंट ई२ एच६ (सी४चा उंट हलल्यामुळे आता ही चाल चालते) ९. घोडा एफ३ ई४ १०. घोडा ई५ उंट डी६. आपलं एक प्यादं कमी आहे, पण पांढऱ्याचे उंट-घोडे पळण्यातच चाली घालवतात आणि आपण मोहरे बाहेर काढतो.

आठव्या चालीला उंटाऐवजी वजीर एफ३ आला, तर सी×बी५ घाईने मारू नका. वजीर ए८चा हत्ती उचलतो. ८...हत्ती बी८ खेळा.

पुढे, गमावलेलं प्यादं परत मिळवायच्या मागे लागू नका. आधी कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) करा, वजिरांची अदलाबदल टाळा, हत्ती ई८वर आणा. ११. डी४ आली तर ११...ई×डी३ हा आँ पासाँ (दोन घरं पुढे आलेलं प्यादं एकच घर आल्यासारखं मारणं) लगेच घ्या; एक चाल थांबलात की तो हक्क जातो. आणि ए५चा घोडा तिथेच विसरू नका. सवड मिळताच बी७मार्गे सी५वर आणा.