साहेबांची बदली होण्याआधी

जळगाव असो, धुळे की नंदुरबार, सरकारी कार्यालयात तृतीयपंथी कर्मचाऱ्यांचं काम वरच्या खुर्चीवर कोण बसलंय यावर हलतं. साहेब अनुकूल असले की बैठक लागते, चहा येतो, ‘करून टाकू’ म्हणतात. पुढे बदलीचा आदेश येतो आणि नवे साहेब विचारतात, कागद कुठाय? म्हणून भला माणूस खुर्चीवर आहे तोवर कागद करून घ्या.

पहिली मागणी एकच ठेवा: तक्रार अधिकाऱ्याची नेमणूक. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यातल्या कलम 11 नुसार ती प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे. 2020 च्या नियमांत चौकशीला 15 दिवस दिलेत. मोघम ‘न्याय मिळावा’ लिहिलं, की अर्ज समाजकल्याणकडे वर्ग होऊन तिथेच मुरतो. समलिंगी सहकाऱ्यांना हे कलम लागू नाही, त्यांच्यासाठी कार्यालयप्रमुखाचं परिपत्रक वेगळं मागा.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक आवक शाखेत, म्हणजे आलेले कागद नोंदतात तिथे द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. थेट साहेबांच्या हातात दिलेला अर्ज पुष्कळदा नोंदलाच जात नाही. त्यांनी शेरा मारला तरी तोच कागद घेऊन आवकला जा. अर्जात कुणा कर्मचाऱ्याची ओळख उघड करू नका, अर्ज चार टेबलं फिरतो. नस्ती म्हणजे फाईल कुठे अडली ते आस्थापना शाखेच्या लिपिकाला माहीत असतं, त्याच्याशी गोडीने बोला. बैठक झालीच, तर जावक क्रमांकासह इतिवृत्त मागा.

साहेब प्रतिकूल असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. ‘नेमणूक का केली नाही?’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. नेमणुकीच्या आदेशाची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. लोकशाही दिनाला, म्हणजे सरकारी कार्यालयातल्या महिन्याच्या तक्रार सुनावणीला जाऊन हेलपाटा घालू नका, तिथे सेवाविषयक अर्ज घेत नाहीत.

नकारसुद्धा लेखीच घ्या. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकला तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने फेटाळला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2 जानेवारी 2021 ला तो निर्णय फिरवला आणि त्या निवडूनही आल्या. तोंडी ‘नाही’ घेऊन वकिलाकडे गेलात, तर तो आधी आदेशाची प्रत मागेल.

नवे साहेब रुजू झाले की पहिल्याच आठवड्यात जुन्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र टाका.