नुसतं ‘लिनक्स आहे’ म्हणू नका: ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव सांगताना या चुका टाळा

फोनवर कुणी “माझ्याकडे हे चालत नाहीये” म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: ऑपरेटिंग सिस्टिम कुठली? आजवर मिळालेली काही उत्तरं: “डेल.” “क्रोम.” “ऑफिस २०१६.” “चौसष्ट बिट.” “नाव माहीत नाही, पण ओरिजिनल आहे.” आणि माझ्या मावसभावाचं, “ती निळी असते ना, ती.”

या मंडळींवर माझा राग नाही. त्यांना कुणी कधी नीट सांगितलेलंच नसतं. राग येतो तो सर्व्हर सांभाळायचा पगार घेणाऱ्यांचा, जे “लिनक्स आहे” एवढं बोलून मोकळे होतात. डॉक्टरने विचारावं कुठे दुखतंय, आणि पेशंटने सांगावं “शरीरात”, असलाच हा प्रकार.

कर्नललाच ऑपरेटिंग सिस्टिम समजणं

परीक्षेत आपण सगळ्यांनी लिहिलेलं असतं की ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे हार्डवेअर आणि वापरणारा यांच्यामधला दुवा. मार्क मिळतात, कळत काही नाही. प्रत्यक्षात हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. अरुंद अर्थ म्हणजे कर्नल (फौजेतला नव्हे). मेमरी वाटून देणं, कुठल्या प्रोग्रॅमला प्रोसेसर कधी मिळणार ते ठरवणं, डिस्क आणि नेटवर्क कार्डाशी बोलणं ही त्याची कामं. रुंद अर्थ म्हणजे इन्स्टॉल केल्यावर हातात येणारा सगळा संच: कर्नल, सी लायब्ररी (बहुतेक प्रोग्रॅम ज्या तयार कोडमार्फत कर्नलशी बोलतात तो), शेल (कमांड टाइप करून द्यायची जागा), रोजच्या कमांड, नवं सॉफ्टवेअर घालायची सोय.

रेषा कुठे मारायची यावरून कोर्टकज्जे झालेत. १९९८ साली अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, तेव्हा इंटरनेट एक्सप्लोरर हा विंडोजचाच अविभाज्य भाग की वर चिकटवलेला वेगळा माल, यावर भरपूर खल झाला. पुढे युरोपात मीडिया प्लेअरवरून तेच झालं, आणि त्यातून प्लेअर नसलेली विंडोजची ‘एन’ आवृत्ती निघाली. तेव्हा व्याख्येवर तुमच्या माझ्यात एकमत होईल अशी आशा मी धरत नाही. मला फक्त एवढं हवं असतं की जे बिघडलंय ते संचाच्या कुठल्या थरात आहे हे तुम्ही सांगितलेल्या नावावरून कळावं.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे मी या विषयात इतका खडूस झालो.

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. टीममधला नवा मुलगा, हुशार, हात भलता चलाख. आमचा एक प्रोग्रॅम डेबियन या लिनक्स डिस्ट्रोवर (कर्नलभोवती बांधलेला तयार संच म्हणजे डिस्ट्रो) आधारलेल्या कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच्यासाठी वेगळ्या केलेल्या बंद खोलीत, वर्षभर बिनतक्रार चालला होता. याने कुठेतरी वाचलं की अल्पाइन या दुसऱ्या डिस्ट्रोची इमेज (कंटेनर ज्यावरून तयार होतो तो साचा) जेमतेम पाच एमबीची असते. झालं. कुणाला न विचारता पायाची इमेज बदलली, जुनीच बायनरी (प्रोग्रॅमची चालवायला तयार फाइल) त्यात टाकली आणि चालवली. उत्तर आलं: फाइल सापडत नाही.

फाइल समोर होती. यादी काढली की दिसत होती, साइजही बरोबर होती. मग याने नवशिके करतात ते सगळं केलं. परवानग्या ७७७ केल्या, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं (सगळ्या दुखण्यांवर एकच काढा). फाइल पुन्हा कॉपी केली. दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली. लॅपटॉप रीस्टार्ट केला, जो तर या भानगडीत कुठे नव्हताच. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तीन तासांनी माझ्याकडे आला. मी विचारलं, “आत ऑपरेटिंग सिस्टिम कुठली?”

“लिनक्स.”

“आणि आधी कुठली होती?”

“तीपण लिनक्सच.”

इथे चूक माझीही झाली. मीही ‘म्हणजे काही बदललेलं नाही’ असं धरून चाललो आणि आणखी पाऊण तास घालवला. सिस्टिमचं नाव सांगणारी यूनेम कमांड मारली तर तीही ‘लिनक्स’च म्हणाली, कारण कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतोच, तो यजमान मशीनचा वापरतो. शेवटी ईटीसी फोल्डरमधली ‘ओएस-रिलीज’ फाइल उघडली आणि पहिल्याच ओळीत ‘अल्पाइन’ दिसलं. डोक्यावर हात मारून घेतला.

झालं होतं असं. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांच्यात ग्नू प्रकल्पाची सी लायब्ररी असते, ग्लिबसी. अल्पाइनमध्ये तिच्या जागी मसल नावाची वेगळी आणि आटोपशीर लायब्ररी असते. आमची बायनरी ग्लिबसीसाठी बांधलेली. सुरू होताना तिला मदत करणारा लोडर कुठे मिळेल, त्याचा पत्ता बायनरीच्या आतच लिहिलेला असतो. अल्पाइनमध्ये त्या पत्त्यावर कुणी राहतच नाही. ‘सापडत नाही’ ही तक्रार त्या लोडरबद्दल होती, आमच्या फाइलबद्दल नव्हेच. पण शेल हे उलगडून सांगत नाही.

उपाय काय? अल्पाइनमध्येच बायनरी नव्याने बांधणं हा शास्त्रशुद्ध मार्ग. जोडणीची पॅकेजं टाकून ग्लिबसी असल्याचा भास निर्माण करणं हा आडमार्ग. तो मी वापरत नाही, कारण तीन महिन्यांनी रात्री दोनला उठून निस्तरायला मलाच बसावं लागतं. त्या दिवशी मी मुकाट डेबियनची ‘स्लिम’ इमेज परत लावली आणि घरी गेलो. वाचवलेल्या थोड्याशा जागेसाठी दोन माणसांची एक संध्याकाळ गेली होती.

‘ग्नू/लिनक्स म्हणा’ हा हट्ट, आणि तो धुडकावणंही

यावरून जुनं भांडण आलंच. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसारखी पण मोकळी अशी संपूर्ण सिस्टिम बनवायची होती. कंपायलर, शेल, कमांड, लायब्ररी असं बरंच काही तयार झालं. कर्नल मात्र रखडला. हर्ड या ग्नूच्या स्वतःच्या कर्नलचं काम १९९० मध्ये सुरू झालं आणि अजून ‘होतंय, होतंय’ चाललंय. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की मी एक छोटी सिस्टिम करतोय, नुसता छंद म्हणून, ग्नूसारखं मोठं काही होणार नाही. त्याला नाव ‘फ्रीक्स’ द्यायचं होतं. ज्याच्या सर्व्हरवर फाइली ठेवल्या त्या आरी लेम्के यांनी फोल्डरला परस्पर ‘लिनक्स’ नाव दिलं, तेच टिकलं. त्या कर्नलभोवती ग्नूचं सामान जोडलं गेलं आणि सगळ्या संचाला एकट्या कर्नलचं नाव पडलं. स्टॉलमन यांची तक्रार एवढीच की निम्मा स्वयंपाक आम्ही केला, आणि पाटी दुसऱ्याची लागली.

तक्रार रास्त आहे. पण कुणी ‘लिनक्स’ म्हटलं की मध्येच अडवून “ग्नू/लिनक्स!” असं दुरुस्त करणाऱ्यांना माझी विनंती आहे की निदान अल्पाइनच्या बाबतीत तसं करू नका. तिथे लायब्ररी मसलची, कमांड बिझीबॉक्स नावाच्या वेगळ्या संचाच्या. मुळात ग्नू कुठंय? अँड्रॉइडमध्येही कर्नल लिनक्सचा, पण सी लायब्ररी गूगलची बायोनिक. आता तर उबुंटूने २५.१० या आवृत्तीपासून ग्नूच्या मूळ कमांडांऐवजी रस्ट भाषेत नव्याने लिहिलेल्या कमांड दिल्यात. ग्लिबसी अजून आहे. मग तिथे ग्नूचा तिरका दांडा कितपत ठेवायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

उलटही होतं. विंडोजमध्ये २०१६ साली लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायची सोय आली, तिच्या पहिल्या आवृत्तीत लिनक्सचा कर्नल नव्हताच. उबुंटूचं सगळं सामान वर, खाली विंडोजचा कर्नल, मध्ये दुभाषा. लोक मात्र “मी लिनक्स वापरतोय” म्हणायचे. खरा कर्नल दुसऱ्या आवृत्तीत आला. त्यामुळे ही सोय वापरणाऱ्याला मी आधी विचारतो, आवृत्ती पहिली की दुसरी?

डेबियनवाले स्वतःला ‘डेबियन ग्नू/लिनक्स’ म्हणवतात. त्यांना तो हक्क आहे, कारण त्यांनी तेच सामान हर्डवर आणि फ्रीबीएसडी या वेगळ्या सिस्टिमच्या कर्नलवरही चालवून दाखवलंय. मी बोलताना ‘लिनक्स’ म्हणतो, लिहिताना डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती लिहितो. दोन्ही पंथांचे लोक मला आपला मानत नाहीत.

उच्चारावर दोन ओळी. ते ‘लायनक्स’ नाही, ‘लिनक्स’ आहे. आणि ‘न्यू’ नाही, ‘ग्नू’. इंग्रजीत यावर खुलासे द्यावे लागतात, आपल्याकडे जोडाक्षर लिहिलं की काम संपतं. तरीही एकाने मला गंभीरपणे विचारलेलं आहे, “न्यू लिनक्स आलंय म्हणे, जुन्यावर अपडेट मिळेल का?”

विंडोजच्या आकड्यावर विश्वास ठेवणं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याआधी एका ठिकाणी किती मशीन जुनी आहेत याची मोजणी चालली होती. स्क्रिप्टने निकाल दिला: सगळीच्या सगळी विंडोज १०. नव्या खरेदीचा कागद सहीसाठी निघालाही. मी सहज शेजारच्या टेबलावरचा लॅपटॉप बघितला, तर त्यावर ११.

स्क्रिप्ट खोटं बोलत नव्हती. विंडोज ११ आतून स्वतःला १०.० च म्हणवते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) उत्पादनाच्या नावाची नोंद असते, तिथेही ‘विंडोज १०’ च राहिलंय. फरक दिसतो बिल्ड क्रमांकात: २२००० किंवा त्यापुढचा असेल तर ११. ही खोड जुनीच आहे. विंडोज ७ आतून ६.१ होती, ८ ही ६.२. म्हणून विंडोजवाल्यांकडून मी नाव विचारत नाही, ‘रन’मध्ये विनव्हर चालवायला लावतो आणि जे दिसेल त्याचा फोटो मागतो.

उरलेल्या चुका भराभर. सॅमसंगची वन यूआय किंवा शाओमीची एमआययूआय ही अँड्रॉइडवर कंपनीने चढवलेली वेशभूषा आहे. अँड्रॉइडचा आकडा वेगळा सांगा. जिओफोनवर अँड्रॉइड नाही, कायओएस आहे, तेव्हा त्यावर प्ले स्टोअर शोधत बसू नका. क्रोम हा ब्राउझर, क्रोमओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम. नोम आणि केडीई हे डेस्कटॉप आहेत, त्यांचं नाव सांगून मला फक्त तुमची आवड कळते. मॅकच्या आत लिनक्स नाही. तिथे डार्विन आहे, त्याच्या कर्नलचं नाव एक्सएनयू, आणि त्या नावाचा अर्थ ‘एक्स म्हणजे युनिक्स नव्हे’. तरी मॅकओएसकडे युनिक्स असल्याचं रीतसर प्रमाणपत्र आहे. यावर मी बोलणं सोडलंय.

आणि ‘संपूर्ण स्वदेशी’वाले फॉरवर्ड. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम डेबियनवर उभी आहे, भारओएस अँड्रॉइडच्या मोकळ्या सोर्स कोडवर. यात कमीपणा काहीच नाही. उलट बॉसवर अडलात तर डेबियनसाठी लिहिलेली बहुतेक उत्तरं लागू पडतात. पण ‘शून्यापासून बनवलं’ असं मनात धरलेला माणूस ती शोधायलाच जात नाही आणि मला फोन करतो.

माझ्याकडे तक्रार पाठवायची तर वर एक ओळ हवी: डिस्ट्रो किंवा उत्पादनाचं नाव, आवृत्ती, कर्नल, आणि कंटेनर असेल तर आतलं नि बाहेरचं दोन्ही. अल्पाइनवाला तो मुलगा आता हे धर्म असल्यासारखं पाळतो. परवा त्याचं तिकीट आलं: ‘कंटेनर डेबियन १२ स्लिम, ग्लिबसी, होस्ट उबुंटू २२.०४, कर्नल ५.१५.’ एक अक्षर चुकलेलं नाही. खाली नेमकं काय बिघडलंय, ते लिहायचं राहिलं होतं.