‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे वाक्य प्रार्थनेत कुठे येतं?

प्रार्थनेच्या शेवटी ‘प्रभू, तुझी इच्छा असेल तसं होवो’ एवढं जोडलं की मागणी देवाच्या इच्छेत बसली, असं पुष्कळांना वाटतं. बऱ्याचदा तो आपण आधीच पक्क्या केलेल्या बेतावर मारलेला शिक्का असतो. प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत हे वाक्य रोजच्या भाकरीच्या आधी येतं. आधी देवाचं नाव, राज्य, इच्छा. मग भाकर, क्षमा, परीक्षा. या क्रमाने चाललं की मागणीच बदलू लागते.

सकाळची वीस-पंचवीस मिनिटं, वही, पेन आणि पवित्र शास्त्र एवढं पुरे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिल्यांदा मागणी मनात आहे तशीच वहीत लिहा, भक्तीच्या शब्दांनी झाकू नका. समजा, ‘मला दुबईची ती नोकरी मिळू दे.’ त्याखाली ‘कशासाठी?’ लिहून उत्तर द्या. त्या उत्तरालाही तोच प्रश्न विचारा, असं तीनदा. पगार जास्त आहे म्हणून. पगार कशासाठी? घर गहाण आहे, ते सोडवायचं आहे. आणखी कशासाठी? मी कमी नाही हे भावाला दाखवायचं आहे. इथे थांबा. आपल्या चैनीसाठी मागता म्हणून मिळत नाही, असं याकोब 4:3 सांगतं. हे तिसरं उत्तर त्याच जातीचं आहे. म्हणून सगळी मागणी खोडू नका. कर्ज खरं आहे, ते विनंतीत ठेवा. भावाचा भाग पापकबुलीत न्या. ही चाळणी बहुतेक जण टाळतात आणि प्रार्थना महिनोन्‌महिने जागच्या जागी फिरत राहते.

उरलेल्या मागणीत देवाने स्पष्ट सांगितलेलं काय आणि न सांगितलेलं काय, ते वेगळं करा. आपलं पवित्र होणं (1 थेस्सलनी. 4:3) आणि सर्व स्थितीत उपकारस्तुती (5:18) ही देवाची इच्छा आहे, असं थेट लिहिलेलं आहे. क्षमा करणं, प्रामाणिकपणे कमावणं यांबद्दलही संदिग्धता नाही. तिथे ‘तुझी इच्छा असेल तर’ म्हणू नका, ‘बळ दे’ म्हणा. ‘असेल तर’ हे शब्द कोणती नोकरी, कोणतं स्थळ, कोणतं शहर यासाठी राखून ठेवा.

आता वचन. डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ उत्तर समजायची, ही सवय सोडा. 31 डिसेंबरच्या उपासनेत मिळालेलं वचनाचं कार्डही संदर्भासकट वाचा. यिर्मया 29:11, म्हणजे देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत हे वचन, व्हिसासाठी सर्रास वापरलं जातं. पण ते बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं आहे, आणि त्याच्या आदल्याच ओवीत सत्तर वर्षं थांबायला सांगितलं आहे. म्हणून रोज एक पूर्ण उतारा वाचा. सुरुवातीला कलस्सै 1:9-12 घ्या. प्रेषित पौल तिथे देवाच्या इच्छेचं ज्ञान मागतो आणि त्यापाठोपाठ धीर व सहनशीलता. तेच शब्द आपल्या मागणीत घालून बोला.

मग गेथशेमाने, म्हणजे अटकेच्या रात्री येशूने प्रार्थना केली ती जागा. मत्तय 26 उघडून सावकाश वाचा. 39 व्या ओवीत प्रभू मागतो, शक्य असेल तर हा प्याला, म्हणजे समोरचं दुःख आणि मरण, टळो. 42 व्या ओवीत शब्द बदललेले आहेत: प्यायल्याशिवाय तो टळत नसेल, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. ही त्याची दुसरी प्रार्थना आहे. त्याने पहिली विनंती दडपली नाही, म्हणून तुम्हीही दडपू नका. मागणी आधी मोकळेपणी सांगा, दोन-तीन मिनिटं शांत बसा, मग दुसऱ्यांदा मांडा: ‘ही नोकरी नसेल, तर कर्ज फेडण्याची दुसरी वाट दाखव, आणि तोवर मला खोटं बोलू देऊ नकोस.’ दोन्ही रूपं तारखेसह लिहा. शब्द फुटेनात तर गप्प बसलात तरी चालेल. आत्मा कण्हत मध्यस्थी करतो, असं रोम 8:26 मध्ये आहेच.

दार उघडलं म्हणजे देवाचा होकार, हे गणित कच्चं आहे. देवापासून पळणाऱ्या योना संदेष्ट्याला याफो बंदरात तार्शीशला जाणारं जहाज लगेच मिळालं होतं. संधी आली की वचन आणि मंडळीतल्या दोन समजूतदार माणसांचा सल्ला, दोन्हींवर ती तपासा. तुम्हाला हवं तेच सांगणारा माणूस यासाठी उपयोगाचा नाही.

प्रार्थना करताना हात बांधून बसू नका. पारसाच्या राजाचा प्यालेबरदार नहेम्या याने यरुशलेमेच्या पडक्या तटासाठी किस्लेव ते नीसान या यहुदी महिन्यांत, म्हणजे सुमारे चार महिने, प्रार्थना केली. राजाने विचारलं तेव्हा परतीची मुदत, अधिकाऱ्यांसाठी पत्रं, वेशींसाठी लाकूड, सगळं त्याच्याजवळ तयार होतं. तुम्हीही अर्ज भरा, बँकेशी बोला. महिन्याने वही उघडून मागणीचे शब्द कुठे बदलले ते पाहा.

आजारपणात मात्र ‘बरं कर’ असं न घाबरता मागा. मार्क 1:40 मधला कुष्ठरोगी म्हणतो, तुझी इच्छा असेल तर तू मला शुद्ध करू शकतोस. सामर्थ्याबद्दल त्याला शंका नाही, निर्णय त्याने प्रभूवर सोडला आहे. प्रभूने त्याला तिथल्या तिथे शुद्ध केलं. पौलाने तीनदा विनवलं, तरी त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असं उत्तर मिळालं. तेव्हा रोगी बरा झाला नाही तर ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं त्याच्या खाटेजवळ कोणालाही म्हणू देऊ नका, आणि त्याची औषधं बंद करू नका.