हिंगाष्टक, पहिल्या घासाला

ठाण्यात जांभळी नाक्यावर वाणसामान आणायला गेलात की पोटफुगीवरच्या हिंगाष्टक चूर्णासाठी सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरे, शहाजिरे, सैंधव प्रत्येकी 10 ग्रॅम घ्या. शहाजिरेच म्हणा, 'काळं जिरं' मागितलंत तर भलतंच पुडीत येतं. हिंग खड्याचा, डबीतल्यात पीठच फार. तो तुपात फुलेपर्यंत तळायचा. शास्त्रात हिंगही समभाग, पण घरात वासाने कुरकुर होते म्हणून मी निम्माच घालते. ओवा-जिरे कोरडे भाजून सगळं दळा, चाळा.

पोट फुगतं तेव्हा गरम भात-तुपाच्या पहिल्या घासात पाव चमचा, बस्स. ठाण्याच्या पावसाळ्यात सैंधवामुळे चूर्ण ओलसर होतं, थोडंथोडंच करा. आम्लपित्त, रक्तदाब असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी वैद्यांना विचारा.