गिअरबॉक्सचा दावा कंपनीने फेटाळला, तेव्हा

नवी गाडी तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अडकायची, तीही इंजिन तापल्यावरच. सोलापूरच्या उन्हात दुपारी हमखास. शोरूमवाले सकाळी थंड गाडी फिरवून 'दोष आढळला नाही' लिहायचे. शेवटी कंपनीचं पत्र आलं: चालकाची चूक, वॉरंटी लागू नाही.

मी फोनवर वाद घातला नाही. कोणती तपासणी केली, किती तापमानाला, अहवाल कुठे, एवढंच लेखी विचारलं. उत्तर आलं नाही, आणि तेच पुढे कामी आलं. पुढच्या प्रत्येक जॉबकार्डवर (गाडी दुरुस्तीला देताना शोरूम भरतं तो कागद) तक्रार माझ्याच शब्दांत लिहून घेतली: 'गरम इंजिन, चढ, तिसरा गिअर सुटत नाही.' शोरूमचे सल्लागार नुसतं 'जनरल चेकअप' लिहितात, ते चालवून घेऊ नका. मेकॅनिकला शेजारी बसवून भर दुपारी घाट चढवला, व्हिडिओ केला.

मग कंपनी आणि शोरूम दोघांना पोचपावतीसह नोटीस पाठवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत २ वर्षं. आयोग वस्तू प्रयोगशाळेतही तपासायला पाठवू शकतो, हे नोटिशीत ठळक लिहिलं.

तक्रार दाखल करण्याआधीच गिअरबॉक्स विनाशुल्क बदलून मिळाला. नव्या भागाची वॉरंटी मात्र लेखी घेतल्यावरच सही केली.